मित्रमंडळींचा लेखनगट कसा चालवावा

एकमेकांचे लेखन ऐकण्यासाठी गट जमवायचा असेल, तर पाच ते सात जण पुरेसे होतात. त्याहून माणसे वाढली की दोन तासांत एकाच्याही लेखनाला धड वेळ मिळत नाही आणि बैठकीचे कविसंमेलन होते, जिथे आपला क्रमांक कधी लागतो याकडेच प्रत्येकाचे लक्ष असते. १९२३ साली पुण्यात आकाराला आलेले माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश आदींचे रविकिरण मंडळ रविवारच्या चहाला जमून एकमेकांच्या कविता ऐकण्यातूनच उभे राहिले. तेव्हा जागेची फार चिंता करू नये; कुणाच्या घरची बाहेरची खोली किंवा गावातल्या वाचनालयाचा एखादा कोपरा चालतो.

महिन्यातला एक वार पक्का करावा आणि एका बैठकीला दोघांचेच लेखन घ्यावे. दीड हजार शब्दांची कथा मोठ्याने वाचायला साधारण बारा मिनिटे लागतात, पण केवळ ऐकून तिच्या बांधणीविषयी नेमके बोलता येत नाही. म्हणून कथा किंवा लेख चार दिवस आधी छापील प्रतीच्या रूपात सर्वांच्या हाती द्यावा. कविता मात्र बैठकीतच, आणि दोनदा वाचावी: एकदा कवीने, एकदा दुसऱ्या कुणीतरी. सरावलेल्या गळ्याने झाकलेली मात्रांची ओढाताण दुसऱ्याच्या वाचनात हमखास उघडी पडते.

खरी अडचण अभिप्रायाची असते, कारण मैत्री आड येते. ‘छान जमलंय’ हे वाक्य लेखकाला सुखावते, पण पुढचा खर्डा लिहिताना त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. वाचक म्हणून आपले लक्ष कुठे खिळले आणि कुठे सुटले, एवढेच सांगावे आणि ते पानावर बोट ठेवून सांगावे. ‘कथा थोडी गोंधळाची वाटली’ असे म्हणण्याऐवजी ‘दुसऱ्या पानाच्या शेवटी आजी चुलीपाशी बसलेली आहे आणि पुढच्या परिच्छेदात ती ओसरीवर सुपारी कातरते आहे, मधे दिवस मावळला की काय, ते मला कळले नाही’ असे म्हटले, की लेखकाला कुठे हात घालायचा ते समजते. कथेचा शेवट कसा असायला हवा होता, हे सांगण्याचा मोह मात्र आवरावा. तो आपल्या कथेचा शेवट असतो, त्याच्या नव्हे.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पेन्सिलीने प्रतीवर खुणावून प्रत परत द्यावी. आपल्याकडे शुद्धलेखनाची चर्चा एकदा सुरू झाली की ती चहा संपला तरी संपत नाही, आणि कथा बाजूला राहते. वऱ्हाडी पात्र ‘मले’ म्हणत असेल, तर तेथे ‘मला’ करून देणे ही दुरुस्ती नव्हे. गटात एखादे ज्येष्ठ सर किंवा काका असतील, तर त्यांना शेवटी बोलण्याची विनंती करावी, कारण ते आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात.

अभिप्राय चालू असताना लेखकाने खुलासा न करता टिपून घ्यावे, कारण छापून आलेल्या कथेसोबत खुलासा करायला तो प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार नसतो. तिघे जण एकाच जागी अडखळले, तर ती जागा नक्की कच्ची आहे असे समजावे, मात्र तिघांनी सुचवलेले उपाय चुकीचे असू शकतात.

दिवाळी अंकांकडे पाठवायचे लेखन मे-जूनमध्येच गटापुढे आणावे, कारण पुष्कळ संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. अंकांना आणि स्पर्धांना बहुधा अप्रकाशित लेखन हवे असते, त्यामुळे गटात आलेला मजकूर व्हॉट्सॲपवरून पुढे न पाठवण्याचे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावे. भारतीय कायद्यानुसार लेखनावरचा हक्क नोंदणी न करताही लेखकाचाच असतो, पण हे संरक्षण नुसत्या कल्पनेला नाही. म्हणून मित्राकडून ऐकलेला एखादा प्रसंग आपल्या कथेत उतरू लागला, तर लिहिण्याआधी त्याला विचारावे.

दुरुस्त केलेला खर्डा लगेच पुढच्या बैठकीत आणण्याची घाई करू नये. मधे दोन बैठका जाऊ द्याव्यात, म्हणजे ऐकणाऱ्यांना जुना मजकूर पाठ राहत नाही आणि ते नवा खर्डा नव्याने वाचू शकतात.