कुंड्या नंतर, आधी पाल्याचं खत

बागकाम शिकायचंय म्हणून लगेच नर्सरीतून रोपं उचलून आणू नका. आधी खत करायला शिका, तेही सोसायटीतल्या चार घरांनी मिळून. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, पाला जाळायचा नाही, पोत्यात भरायचा. तारेच्या जाळीचा ३ फूट रुंद गोल उभा करून त्यात पाला दाबून भरा. दर वीतभर थरावर शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडा. आंबा-फणसाची जाड पानं लवकर कुजत नाहीत, ती आधी चुरून घ्या. ओलावा मुठीत कळतो. पाला पिळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. गळलंच तर कोरडा पाला मिसळा, नाहीतर वास सुटतो आणि तळमजल्यावरचे काका तक्रार घेऊन येतात. पंधरवड्याने ढीग खालीवर करायला मात्र सगळ्यांनी यावं, ग्रुपवर नुसते अंगठे टाकून हे अंगवळणी पडत नाही. ३-४ महिन्यांत खत काळसर, भुसभुशीत होतं. गच्चीवर लावताना खत जास्त आणि माती कमी ठेवा, कारण ओली माती फार जड असते आणि सगळा भार स्लॅबवर येतो. पहिल्यांदा मेथीच पेरा, महिन्याभरात भाजी होते.