पाहुणा ‘हो’, ‘नाही’वरच अडकतोय? टॉक शोमध्ये या चुका टाळा

रेकॉर्डिंग संपल्यावर सूत्रसंचालक कुरकुरतो, ‘पाहुणा बोलतच नव्हता हो.’ फुटेज पुन्हा पाहिलं की बहुतेक वेळा दिसतं, त्याला बोलायला जागाच ठेवलेली नव्हती.

नेहमीची चूक म्हणजे प्रश्नातच उत्तर कोंबणं.

‘पहिला सिनेमा पडला तेव्हा खूप वाईट वाटलं असेल ना?’
‘हो, वाटलं ना.’

संपलं! होकार देणं सोपं असतं; नाकारायचं तर कारण द्यावं लागतं. म्हणून पाहुणा मान डोलावून थांबतो आणि सूत्रसंचालक घाबरून पुढचं कार्ड उचलतो. त्याऐवजी ‘त्या रात्री घरी गेल्यावर काय केलंत?’ असं विचारून बघा. प्रसंग सांगताना वाईट वाटलेलं आपोआप येतं.

दुसरी चूक शांततेला घाबरण्याची. दहा भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हो-नाहीच्या प्रश्नांना उत्तर यायला त्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागलेला दिसला. गप्पांची चाल इतकी जलद, त्यामुळे नुसता एक सेकंद रिकामा गेला तरी अवघडायला होतं. त्यात कानात कंट्रोल रूमचं ‘चला, पुढे’ चालूच असतं. पण आधी पाहुण्याची नजर पाहा. ती तुमच्याकडे वळली नसेल तर तो बहुधा शब्द शोधतोय. मनात तीनपर्यंत मोजा. रेकॉर्डेड कार्यक्रमात नको असलेली शांतता एडिटमध्ये कापता येते, न बोललेलं वाक्य कुठून आणणार?

कौतुकाची प्रस्तावना मला तरी सहन होत नाही. ‘आपण तर या क्षेत्रातले दिग्गज!’ यावर बिचाऱ्याने म्हणावं काय? मान्य केलं तर बढाई, नाकारलं तर तुमचा शब्द खोडल्यासारखं. ‘छे हो, कसलं काय’ करण्यात पहिलं मिनिट जातं. कौतुक करायचंच तर तो सेटवर येण्याआधी, थेट प्रेक्षकांना सांगा.

‘हं’, ‘अच्छा’, ‘हो का’ यांचंही प्रमाण असतं. बातम्यांमधले मुलाखतकार हे शब्द शक्यतो टाळतात, कारण उत्तर प्रेक्षकांसाठी असतं. टॉक शोमध्ये एवढा कोरडेपणा नको, पण वाक्यावर ‘अच्छा’ आदळत राहिलं तर मूळ बोलणं ऐकू येत नाही. मान हलवलेली पुरते.

मेकअप रूममध्ये किस्सा ऐकून घेणं हा आणखी एक घोळ. कॅमेऱ्यासमोर पाहुणा ‘ते तुम्हाला माहीतच आहे’ म्हणून अर्ध्यात सोडतो. लगेच म्हणा, ‘मला माहीत आहे, यांना सांगा ना.’

आणि उत्तर टाळलं तर? बीबीसीवर मुलाखतकार जेरेमी पॅक्समन यांनी १९९७ मध्ये मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न डझनभर वेळा विचारला. हॉवर्ड नुकतेच ब्रिटनच्या गृहमंत्रिपदावरून उतरले होते आणि प्रश्न त्या कारभाराचा होता, म्हणून ते खपलं. गप्पांच्या सोफ्यावर एकदाच, वेगळ्या शब्दांत विचारा. तरी टाळलं तर ‘बरं, राहू दे’ म्हणा. प्रेक्षकांच्या ते लक्षात आलेलं असतं.