हृदयाचे रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत दुखते: पुढे काय पाहावे

ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), कधी अँजिओग्राफीही नॉर्मल आली, तरी दुखणे खोटे ठरत नाही. कोणती तपासणी कशाचे उत्तर देते, हे आधी समजून घ्यावे. साध्या ईसीजीत साधारण 10 सेकंदांचीच नोंद असते. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन, वाढायला काही तास लागतात, म्हणून ती तपासणी पुन्हा करावी लागते. अँजिओग्राफीत मोठ्या रक्तवाहिन्यांतले अडथळे दिसतात, पण अतिसूक्ष्म वाहिन्यांतला दोष दिसत नाही, आणि हा दोष स्त्रियांत अधिक आढळतो. त्यामुळे जिना चढताना छाती आवळून येत असेल व थांबल्यावर ओसरत असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटून हे स्पष्ट सांगावे.

जेवून आडवे झाल्यावर जळजळ होऊन घशाशी आंबट येत असेल, तर पोटातले आम्ल अन्ननलिकेत चढत असण्याची शक्यता मोठी. छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या जुळतात, तिथे बोटाने दाबताच नेमके तेच दुखणे उठले, तर बहुधा तिथल्या कूर्चेला सूज असते. मात्र एवढ्यावरून हृदय ठीक आहे असे घरच्या घरी ठरवू नये. सॉर्बिट्रेटने, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवतात त्या गोळीने, बरे वाटले म्हणून दुखणे हृदयाचेच, असेही नाही, कारण त्या गोळीने अन्ननलिकेतला पेटकाही सैल पडतो. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर त्वचा रोज पाहावी. नागिणीचे पुरळ बरेचदा दुखणे सुरू झाल्यावर काही दिवसांनी उठते. तीव्र भीतीच्या झटक्यात धडधड, मुंग्या आणि छातीतले दुखणे काही मिनिटांतच शिगेला पोचते. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि अशा रुग्णाची ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते.

डॉक्टरांकडे जाताना नोंदींची वही न्यावी: ‘रात्री 10 ला जेवण, 11 ला झोप, साडेअकराला जळजळ, उठून बसल्यावर कमी.’ निदानाला अशी एक ओळ ‘अधूनमधून दुखते’ यापेक्षा कितीतरी उपयोगी पडते.

दाब नव्याने जाणवू लागला, घाम फुटला, धाप लागली, कळ जबड्यात किंवा हातात गेली, अथवा पाठीत चिरत गेल्यासारखी वेदना झाली, तर मागचा नॉर्मल रिपोर्ट बाजूला ठेवावा, गॅस समजून सोडा पीत वाट पाहू नये, स्वतः गाडी चालवू नये आणि ताबडतोब 108 ला फोन करावा.