गर्भातलं आतडं कसं फिरतं? नाडी, सुई आणि पुठ्ठ्यावर समजून घ्या

आईच्या पोटात बाळाचं आतडं घडतं तेव्हा ते काही आठवडे बाळाच्या पोटाबाहेर, नाळेत जाऊन राहतं. तिथे ते फिरतं, मग आत परततं आणि परतताना पुन्हा फिरतं. एकूण फेरा २७० अंशांचा. पुस्तकातल्या सपाट आकृत्यांवरून हा फेरा डोक्यात बसत नाही, कारण आतडं पुढे-मागेही सरकत असतं. हातात नाडी (कापडी दोरी) घेतली की अर्ध्या तासात उलगडा होतो. एमबीबीएस, बीएएमएस किंवा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असाल तर हे एकदा कराच. बाळाच्या रिपोर्टवर ‘मालरोटेशन’ (आतड्याचा फेरा अपुरा राहणं) हा शब्द वाचून धसका घेतलेल्या आईबापांनाही याचा उपयोग होईल.

सामान घरचंच आहे: खोक्याचा जाड पुठ्ठा (साधारण ४५ × ३० सेंमी), विणकामाची एक सुई, लाल नाडी ९० सेंमी, पिवळी नाडी ५० सेंमी, टाचण्या, रबरबँड आणि एक मोठा रुमाल.

पहिली पायरी: मांडणी

पुठ्ठा उभा धरा. ही बाळाच्या पोटाची मागची भिंत. बाळ तुमच्याकडे तोंड करून आहे. त्यामुळे तुमच्या डाव्या हाताला बाळाची उजवी बाजू येते. तिथे ठळक अक्षरात ‘उजवी’ लिहून ठेवा. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

मधोमध सुई खुपसा, टोक तुमच्याकडे. ही आतड्याच्या मधल्या भागाला रक्त पुरवणारी मोठी रोहिणी. सगळा फेरा हिच्याभोवती होतो. सुईच्या ४ सेंमी वर लाल नाडीचं टोक टाचा आणि ४ सेंमी खाली पिवळ्या नाडीचं. दोन्हींची मोकळी टोकं एकमेकांना बांधून ती गाठ सुईच्या टोकाला अडकवा. लाल नाडीची जास्तीची लांबी सध्या गुंडाळून रबर लावा. पिवळ्या नाडीवर गाठीपासून १० सेंमीवर आणखी एक फुगीर गाठ मारा. मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे होते आणि अपेंडिक्स तिथेच लागतं.

गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात चपटा गर्भ कडांनी आत वळतो आणि आतड्याची नळी तयार होते. तिचे तीन भाग, प्रत्येकाची रोहिणी वेगळी. आपली नाडी म्हणजे मधला भाग: पित्तनलिका आतड्यात उघडते तिच्या जरा खालपासून आडव्या मोठ्या आतड्याच्या दोन तृतीयांशापर्यंत. ही सीमारेषा लक्षात असू द्या, पुढे तिचं काम आहे.

दुसरी पायरी: बाहेर जाणं आणि पहिले ९० अंश

सहाव्या आठवड्यात यकृत झपाट्याने वाढतं, पोटात जागा उरत नाही आणि हे वेटोळं नाळेत शिरतं. लाल भाग उजवीकडे (तुमच्या डावीकडे) आणि पिवळा डावीकडे न्या. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा झाला. आता लाल नाडीचा रबर काढा. लहान आतडं इथेच भराभर लांब होऊन वेटोळी घेतं. पिवळा भाग फारसा वाढत नाही.

सोनोग्राफी करून घेणाऱ्यांनी एक हिशोब सांभाळावा. वर दिलेले आठवडे गर्भधारणेपासूनचे आहेत, डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे २ आठवडे जास्त. पाळीपासूनच्या दहाव्या आठवड्यात नाळेच्या मुळाशी आतड्याचा फुगवटा दिसला तर ते नैसर्गिकच आहे. बारा आठवडे उलटल्यावरही तो तसाच असेल, तर पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

तिसरी पायरी: परतीचे १८० अंश

दहाव्या आठवड्यात आतडं परततं, तेही ठरलेल्या क्रमाने. सुईवरची गाठ सोडा. आधी लाल नाडी सुईच्या खालून सरकवत बाळाच्या डाव्या बाजूला न्या. मग पिवळी सुईच्या वरून उजव्या बाजूला आणा. क्रम उलटा केलात तर नाड्या एकमेकींत अडकतील. फुगीर गाठ सगळ्यात शेवटी येते. आधी ती यकृताखाली, उजवीकडे वर ठेवा, मग खाली कमरेच्या हाडाच्या दिशेने ओढा.

आता नीट पाहा. लाल नाडी वरच्या टाचणीपासून उजवीकडून वळसा घालून सुईखालून डावीकडे गेली आहे. लहान आतड्याच्या पहिल्या भागाचा, ड्युओडेनमचा, अर्धगोल आकार यातूनच येतो. पिवळी नाडी त्याच्यावरून आडवी जाऊन उजवीकडे उतरली आहे. मोठं आतडं लहान आतड्याला चौकटीसारखं वेढतं ते यामुळे.

चौथी पायरी: रुमालाचा प्रयोग

हा भाग टाळू नका, कारण फेऱ्याचं खरं फळ इथे दिसतं. आतडं मागच्या भिंतीला एका पातळ पडद्याने बांधलेलं असतं आणि रक्तवाहिन्या त्याच पडद्यातून जातात. पुठ्ठ्याची मागची बाजू घ्या. रुमालाची एक कड चुण्या घालत १५ सेंमीच्या तिरक्या रेषेत टाचा, वर डावीकडून खाली उजवीकडे, अर्थात बाळाच्या. मोकळी कड हातात धरून पिळायचा प्रयत्न करा. पीळ बसत नाही.

आता सगळ्या टाचण्या काढून तीच कड जेमतेम २ सेंमीत गोळा करून टाचा. मोकळी कड दोनदा फिरवा. बुडाशी रुमालाची दोरी होते. त्या दोरीत रोहिणी असते.

आतड्याचा फेरा अपुरा राहिला की हेच होतं. दोन टोकं लांब जात नाहीत, पडद्याचं बूड अरुंद राहतं आणि आतड्याला पीळ पडून सगळ्या मधल्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अडथळा पित्तनलिकेच्या खाली असल्याने बाळाला होणारी उलटी हिरवी असते. नवजात बाळाला हिरवी उलटी झाली तर ग्राइप वॉटर, ओवा-हिंगाचा लेप, ‘सकाळी बघू’ यात वेळ घालवू नका. बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात लगेच न्या. सुरुवातीला पोट मऊ असतं, फुगलेलं नसतं, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. आतडं मात्र काही तासांत काळं पडू शकतं. रुग्णालयात सोनोग्राफी किंवा औषध पाजून काढलेल्या एक्स-रेने निदान होतं. शस्त्रक्रियेत पीळ उलट्या दिशेने सोडवतात, आतड्यावर आडवे आलेले पडद्याचे पट्टे कापतात आणि पडद्याचं बूड रुंद करतात. अमेरिकेतले बालशल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये मांडलेली हीच पद्धत आजही वापरतात.

बाकीचे बिघाड

आतडं परत आलंच नाही तर बाळ नाळेत आवरणासकट आतडं घेऊन जन्मतं. बेंबीच्या उजवीकडून उघडं आतडं बाहेर आलेलं असतं तो दोष वेगळा. तो पोटाच्या भिंतीचा. आपल्या दोन रंगांच्या गाठीशी आतड्याला बलकाच्या पिशवीशी जोडणारी नळी असते. ती पुरती विरली नाही तर साधारण २ टक्के लोकांत लहान आतड्याला एक छोटी पिशवी उरते. मुलांत तिच्यातून रक्तस्राव होऊ शकतो.

पहिल्या ९० अंशांनंतर पुढचा फेरा झालाच नाही, तर लहान आतडं सगळं उजवीकडे आणि मोठं डावीकडे राहतं. काहींना हे मोठेपणी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटी स्कॅनमध्ये कळतं. अशांचं अपेंडिक्स डावीकडे असू शकतं. रिपोर्टची प्रत फाइलमध्ये वर लावून ठेवा आणि पोट दुखून दवाखान्यात जाल तेव्हा आधी तीच दाखवा.