कवितेवरून निसर्गचित्र रंगवताना या चुका टाळा

कवितेवरून तैलरंगात निसर्गचित्र करणाऱ्या नवशिक्यांच्या कॅनव्हासवर मला वारंवार एकच गोष्ट दिसते: कवितेत नदी आहे म्हणून नदी, होडी आहे म्हणून होडी, शिवाय चंद्र, पक्षी आणि एकटे झाड. अशी यादी पुरी करण्यात चित्रातली हवा हरवते. इंग्लिश चित्रकार टर्नरने 1812 साली हत्तींसह आल्प्स पर्वत ओलांडणाऱ्या हॅनिबल या प्राचीन सेनापतीच्या सैन्याचे चित्र मांडले आणि प्रदर्शनाच्या सूचिपत्रात त्यासोबत स्वतःच्या काव्यपंक्ती दिल्या. त्या चित्रात हत्ती दूर क्षितिजावर अगदी इवलासा आहे, आणि कॅनव्हासचा बहुतेक भाग वादळाने व्यापला आहे. मी कविता दोनदा वाचून पुस्तक मिटतो आणि वेळ कोणती, उजेड कुठून येतो, हवा किती दमट आहे, एवढेच एका वाक्यात लिहितो. त्या वाक्यात न बसणारे काहीही रंगवत नाही.

धुके म्हणजे पांढरा रंग नव्हे. नुसता टिटॅनियम व्हाइट मिसळत गेल्यास छटा खडूसारख्या निर्जीव होतात, म्हणून आकाशाचा रंग आधीच भरपूर कालवून ठेवावा आणि जितका डोंगर दूर, तितका तो त्या रंगात अधिक मिसळावा.

घाईची किंमत मात्र मी स्वतः मोजली आहे. प्रदर्शनाची तारीख गाठायची म्हणून पहाटेच्या दरीतला गडद थर मी जवसाचे तेल सढळ हाताने घालून दिला, आणि तो वरून कोरडा लागताच टर्पेंटाइनने पातळ केलेले धुके त्यावर ओढले. चित्र वेळेवर लागले, पण काही महिन्यांत त्या धुक्यावर बारीक भेगांचे जाळे पसरले आणि ते दुरुस्त करता आले नाही. जवसाचे तेल उडून जात नाही, हवेतील ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होते. खालचा थर आतून हलत असताना वरचा आधी ताठ झाला, की तो तडकतो. आता माझा पहिला थर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा, पातळ आणि लवकर वाळणारा असतो, आणि पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडे वाढवतो. वाळवणारे द्रव्य जास्त घालून दिवस वाचवण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही, कारण त्याच्या अतिरेकाने थर ठिसूळ होतो. ज्याला थांबणे जमत नाही, त्याने जलरंग वापरावेत.

सगळ्याच कडा पुसट करू नयेत. निदान एक स्पष्ट ठेवावी. जाड रंगावर अंतिम वार्निश 6 महिन्यांच्या आत लावू नये.