नोकरी गेल्यावर नवी शोधताय? या चुका टाळा

चार-सहा महिन्यांची गॅप पाहून पुण्याजवळच्या चाकण-भोसरी कारखान्यांच्या पट्ट्यात भरती करणारं कुणी आता दचकत नाही. लाईन बंद होते, कॉन्ट्रॅक्ट संपतं, घरात आजारपण निघतं, हे त्यांनाही माहीत असतं. घोडं अडतं ते ही गॅप लपवायच्या खटाटोपात आणि घाबरून घेतलेल्या निर्णयांत.

बायोडेटात 'आजपर्यंत' तसंच ठेवणं

नोकरी मार्चमध्ये गेली, पण सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या बायोडेटात जुन्या कंपनीपुढे अजून 'आजपर्यंत' लिहिलेलं. किंवा महिने गाळून नुसतंच '2021 ते 2024'. पूर्वी हे खपून जायचं. आता बऱ्याच ठिकाणी ऑफरच्या आधीच एचआरवाले पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागतात. तिथे कोणत्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलीत याच्या तारखा असतात, आणि शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा हे पासबुकात दिसतं. गॅपसाठी कुणी नाकारलं नसतं, पण खोट्यासाठी नाकारतात, आणि तेही सगळे राउंड पार पडल्यावर.

उलटी भानगडही होते. तुम्ही खरं लिहिता, पण जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीखच भरलेली नसते, त्यामुळे कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच. म्हणून यूएएनच्या (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या) पोर्टलवर जाऊन 'सर्व्हिस हिस्ट्री' आधीच बघून ठेवा. शेवटच्या हप्त्याला 2 महिने उलटले की 'मॅनेज'मधल्या 'मार्क एग्झिट'मध्ये, आधारच्या ओटीपीवर, ती तारीख आपली आपल्याला भरता येते. रिलीव्हिंग लेटर समोर ठेवून भरा. चुकलात तर दुरुस्तीसाठी पुन्हा खटपट करावी लागते.

गॅपबद्दल विचारलं की रामायण सांगत बसणं

उत्तर दोन वाक्यांत संपलं पाहिजे. "मार्चमध्ये कंपनीनं ती लाईन बंद केली, आमची अख्खी शिफ्ट कमी केली. तेव्हापासून शोधतोय, मध्ये भोसरीत एका वर्कशॉपमध्ये जॉबवर्क केलं." बस्स. यानंतर गप्प राहायचं. समोरचाही दोन क्षण गप्प राहतो आणि नेमकं तिथेच लोक घसरतात. ती शांतता भरून काढायला साहेब कसे राजकारण करायचे, इन्क्रिमेंट कसं मारलं, हे सुरू होतं. ऐकणाऱ्याच्या मनात एकच येतं: उद्या हा आपल्याबद्दलही असंच बोलणार.

मुलासाठी घरी थांबलेल्या बायकांना तर मी सांगेन की आवाजात अपराधीपणा आणूच नका. "मूल लहान होतं म्हणून घरी होते, आता पाळणाघराची सोय झालीय." एवढं पुरतं. पुढचा प्रश्न कामावर येऊ द्या.

'काहीही चालेल, बघा ना कुठेतरी'

नोकरी ओळखीतून लागते हे खरं, पण 'काहीही चालेल' हा मेसेज कुणी पुढे पाठवूच शकत नाही. पाठवणार कुणाला? त्याऐवजी, समजा तुम्ही कॉम्प्युटरवर चालणाऱ्या व्हीएमसी मशीनवर काम करता, तर असं लिहा: "व्हीएमसी सेटर-प्रोग्रॅमर, 7 वर्षं. फानुक आणि सीमेन्स दोन्ही कंट्रोल, मास्टरकॅम येतं. चाकण, भोसरी, तळेगाव चालेल. लगेच जॉइन होऊ शकतो." हा मेसेज तुमचा जुना सुपरवायझर वाचल्या वाचल्या दोन प्लँटच्या ग्रुपवर टाकतो. कॉमर्सवाल्यांनी टॅली, जीएसटी रिटर्न, किती जणांचं पेरोल सांभाळलं, हे लिहावं.

'लगेच जॉइन होऊ शकतो' हे शेवटचं वाक्य विसरू नका. बेकार असण्याचा एकमेव फायदा तोच आहे आणि लोक तोच लपवतात. नोकरी डॉट कॉमवरच्या प्रोफाइलमध्ये नोटीस पिरियड '3 महिने' असा जुनाच राहिलेला असतो, आणि ज्यांना तातडीनं माणूस हवा असतो ते तर याच फिल्टरनं यादी गाळतात. तिथे '15 दिवस किंवा कमी' करा. प्रोफाइलमध्ये अधूनमधून काहीतरी अद्ययावतही करत राहा, कारण अलीकडे कोण सक्रिय होतं यावरूनही भरतीवाले यादी गाळतात.

पैसे भरून नोकरी

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं भाडं. नाव काहीही असो, रुजू होण्याआधी पैसे मागितले की तिथून निघायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑफर लेटरवर मोठ्या कंपनीचा लोगो असला तरी पाठवणाऱ्याचा ईमेल जीमेलचा आहे का ते बघा. आखातातली नोकरी असेल तर एजंटची नोंदणी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत आणि जिल्ह्याचे रोजगार मेळावे तिथेच कळतात. तिथल्या सगळ्या जागा चांगल्या असतात असं नाही, पण फसवणुकीची भीती कमी.

पहिल्या ऑफरला न विचारता 'हो'

पगार थोडा कमी चालवून घ्या, घर चालायला हवं. पण पेरोल कुणाचा, कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा, हे विचारल्याशिवाय सही करू नका. सांगितलेला आकडा हातात येणारा की सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च), हेही विचारा. हे विचारलं म्हणून कुणी ऑफर मागे घेत नाही.

सगळा पीएफ काढून टाकणं

कर्जाचे हप्ते थकले की हात आधी इकडेच जातो. अगदीच अडलं तर थोडा काढा. पण एकूण सेवा 5 वर्षांपेक्षा कमी असताना सगळी रक्कम काढली तर ती साधारणपणे करपात्र ठरते. पेन्शनचा भागही काढलात तर पेन्शनला लागणाऱ्या 10 वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नवी नोकरी लागल्यावर तोच यूएएन द्या आणि जुनं खातं ट्रान्सफर करून घ्या, म्हणजे आधीची वर्षं धरली जातात. त्याच आर्थिक वर्षात जुन्या कंपनीत मिळालेला पगारही नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर स्टँडर्ड डिडक्शन (पगारावर मिळणारी ठरावीक करवजावट) दोन्हीकडे धरलं जातं आणि रिटर्न भरताना उरलेला कर एकरकमी खिशातून जातो.