निराधारचा अर्ज: आधी कागद जुळवा, मग तहसील गाठा

सरकारच्या निराधार योजनेतून दर महिन्याला पैसे मिळतात, पण गावाकडे याला कुणी ‘अनुदान’ म्हणत नाही. बँकेच्या पायरीवर बसलेल्या आज्या एकमेकींना विचारतात, “तुझा निराधारचा पगार झाला का गं?” याच पगारावर कित्येकींच्या बीपीच्या गोळ्या आणि महिन्याचं तेल-मीठ चालतं. म्हणून एखादा अर्ज अडला की जीव तुटतो. माझा अनुभव असा की, बाई पात्र असते, पण तिचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत आणि अर्ज तिथेच अडकतो.

आपण कशात बसतो?

वय 65 च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. 65 किंवा त्याहून जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. संजय गांधीमध्ये विधवा, घटस्फोटित आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका येतात. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांनी कमाई थांबलेले, अनाथ मुलं आणि तृतीयपंथी यांनाही ती लागू आहे. महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचं वास्तव्य हवं.

बीपीएल (दारिद्र्यरेषेखालील) यादीत नाव हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत हवं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात घर कुणाचं चालतं? ही मर्यादा वाढायलाच हवी, पण आज अर्ज याच अटीवर तपासला जातो.

2023 मध्ये महिन्याची रक्कम 1,000 वरून 1,500 झाली. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये आहेत. निराधारचे 1,500 घेणाऱ्या बाईला ‘लाडकी बहीण’चा लाभ मिळत नाही, तेव्हा दोन्हीकडे अर्ज करून ठेवू नका. पुढे वसुलीची भीती राहते.

नावं जुळवा

आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा अर्ज दोनदा परत आला. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाव ‘बाळू’, तर मावशींच्या आधारवर आणि रेशनकार्डावर ‘बाळासाहेब’. घरात सगळे बाळूच म्हणायचे, मृत्यूची नोंद करतानाही तेच सांगितलं गेलं. ज्या ग्रामपंचायतीत नोंद होती तिथे जाऊन दुरुस्ती करून घ्यावी लागली, आणि मगच अर्ज पुढे सरकला.

तेव्हा आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि मृत्यूचा दाखला शेजारी-शेजारी ठेवा. एकेक अक्षर पाहा. ‘सुशीला’ आणि ‘सुशिलाबाई’ हा फरकही सोडू नका. आधारवरची जन्मतारीखही तपासा, कारण कोणती योजना लागू होईल हे त्यावरच ठरतं.

कागद आणि अर्ज

आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, पासबुकाची झेरॉक्स, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा बीपीएल यादीचा उतारा. शिवाय आपल्या कारणाचा कागद: विधवांना पतीच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटितांना न्यायालयाचा आदेश, दिव्यांगांना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, आजारी माणसाला सरकारी रुग्णालयाचा दाखला. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जावं लागतं. हल्ली त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्या, किंवा सेतू अथवा आपले सरकार सेवा केंद्रातून भरा. हातात पोचपावती पडल्याशिवाय तिथून हलू नका. “नंतर या, देतो” असं म्हणतील, पण तारीख आणि अर्ज क्रमांक असलेला तो चिटोरा हाच तुमचा पुरावा. त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे चौकशी होते आणि अर्ज समितीच्या बैठकीत जातो. बैठक कधी आहे हे शाखेत विचारत राहा.

बँकेचं काम इथेच अडतं

आता पैसे डीबीटीने, थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पासबुकाचं खातं एक आणि आधार जोडलेलं खातं दुसरंच, असं फार घरांत दिसतं. मंजुरी मिळते, पैसेही सुटतात, पण ते भलत्याच जुन्या खात्यात पडून राहतात. बँकेत जाऊन नेमकं विचारा, “माझ्या आधारला डीबीटीसाठी कोणतं खातं जोडलंय?” खात्याला नुसता आधार क्रमांक दिला म्हणजे डीबीटीची जोडणी झाली असं नाही. त्यासाठी संमतीचा वेगळा फॉर्म भरून द्या.

बीपीएल यादीतल्या 65 पुढच्या आजी-आजोबांनी घाबरू नये, त्यांचे पैसे दोन तुकड्यांत येऊ शकतात. वय 80 च्या आत असेल तर केंद्राचे 200 आणि राज्याचे 1,300.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पगार थांबतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे कॅलेंडरवर लिहून ठेवावं.

उत्तरच मिळालं नाही तर

माहिती अधिकार कायदा 2005 खाली अर्ज करा. शुल्क 10 रुपये, बीपीएल कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. साध्या कागदावर, तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे एवढंच लिहा: “अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली? तो कोणत्या बैठकीत ठेवला? नामंजूर केला असल्यास कारणाची प्रत द्यावी.” सोबत पोचपावतीची झेरॉक्स लावा.